एकच उतारा, सगळा वर्ग

ज्यांच्या घरात मराठी बोलली जात नाही, अशा मुलांना मी मराठी शिकवते. मुलं अकरा-बारा वर्षांची. दरवर्षी वर्ग साधारण सारखाच जमतो. काहीजण मराठीत घडाघडा बोलतात, पण लिहायला बसवलं की पेन हलत नाही. काहीजण वळणदार अक्षर काढतात, न अडखळता वाचतातही, मात्र वाचलं त्यातलं विचारलं तर माझ्याकडे नुसते बघत राहतात. आणि दोघं-तिघं अशी असतात की पहिले कित्येक दिवस त्यांचा आवाज कसा आहे हेच मला ठाऊक नसतं.

अशा वर्गासाठी तीन पातळ्यांची वर्कशीट करावीत, सोपी, मध्यम आणि अवघड, हा सर्रास दिला जाणारा सल्ला. माझ्या हाती आलेल्या कपाटात तशा फायलीही होत्या, कुणीतरी फार कष्टाने केलेल्या. पण कागद वाटायला सुरुवात झाली की कुठला गठ्ठा कुणाचा हे मुलांना एका क्षणात कळतं. सोपा कागद मिळालेला मुलगा तो पालथा ठेवतो आणि शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो. त्यामुळे मी ठरवलं की उतारा सगळ्यांना एकच द्यायचा आणि त्यावर करायचं काम तेवढं बदलायचं.

सध्याचा माझा आवडता उतारा लिफ्टचा आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे बंद पडते, आत चौघं अडकतात, थोड्या वेळाने सुटका होते, एवढीच गोष्ट. शंभर-सव्वाशे शब्द. एका गटाकडे वाक्यांच्या कापलेल्या पट्ट्या जातात, त्यांनी घटनाक्रम लावायचा. दुसऱ्या गटाने आत कोण कोण होतं, कुणाच्या हातात काय होतं, कोण काय म्हणालं याचा तक्ता भरायचा. तिसऱ्याने आत अडकलेल्या आजोबांच्या तोंडून तीच हकीकत सांगायची. ज्यांचं लेखन बरं आहे त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापकाला तक्रार अर्ज लिहायचा. इथे मी एक खोडी करते. अर्ज लिहिणाऱ्यांना उतारा फक्त एकदा ऐकवते, हातात देत नाही. लिफ्ट नक्की कधी बंद पडली, आधी दिवे गेले की आधी धक्का बसला, हे विचारायला त्यांना पट्ट्यावाल्या गटाकडे जावंच लागतं. ज्याला अजून धड वाक्य बनवता येत नाही, त्याच्याकडे वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला हवी असलेली माहिती असते. मग तो सांगतो. मोडकंतोडकं, हातवारे करत, पण सांगतो, कारण ती खरंच विचारत असते. मी विचारते तेव्हा उत्तर मला आधीच माहीत आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता असे उतारे आणायचे कुठून? बाराव्या वर्षी मराठी शिकायला लागलेल्या मुलाला झेपेल अशा भाषेतली पुस्तकं बहुधा पाच वर्षांच्या मुलांसाठी असतात. ससा-कासवाचं चित्र बघून तो पुस्तक बाजूला सारतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून मी स्वतःच लिहिते किंवा वर्तमानपत्रातली बातमी सोपी करून घेते. हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांचं 2000 सालचं एक संशोधन इथे हाताशी ठेवण्यासारखं आहे. मदतीशिवाय वाचून नीट समजायचं असेल तर मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. पेन्सिल घेऊन कुठल्याही धड्यातले अनोळखी ठरतील असे शब्द मोजून बघा, दुसऱ्याच ओळीत कोटा संपतो.

मात्र मराठीत शब्दांपेक्षा वाक्याची ठेवणच जास्त घात करते, असं माझं मत झालंय. ‘दुपारी अचानक बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या आजोबांना रखवालदाराने बाहेर काढलं.’ यातला एकही शब्द अवघड नाही, तरी आजोबांपर्यंत पोचेस्तोवर मूल वाटेतच गळतं. कोण बंद पडलं, कोण अडकलं, सगळं नामाच्या आधीच रचून ठेवलेलं. सुरुवातीला मी ते सुटं करून देते: दुपारी लिफ्ट अचानक बंद पडली. आजोबा आत अडकले. रखवालदाराने त्यांना बाहेर काढलं. सहामाहीनंतर उलटा प्रवास. मूळ लांब वाक्य फळ्यावर लिहायचं, मुलांनी ते सोडवायचं, आणि मग तीन छोटी वाक्यं देऊन पुन्हा एक बांधायचं. या बांधण्या-सोडवण्यात मी चिक्कार वेळ घालवते. अभ्यासक्रम मागे पडतो का? पडतो. पण निबंधात एकाखाली एक तुटक वाक्यांच्या विटा रचणारी मुलं इथेच सुटतात.

दुसरी मोठी अडचण सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे रूप बदलतं त्याची. शाळा, पण शाळेत. रस्ता, पण रस्त्यावर. पाणी, पण पाण्यात. ज्यांची मराठी घरची, त्यांना इथे काही घडतंय हे जाणवतही नाही. व्याकरणातला तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा मला एक कागदी खेळणं जास्त उपयोगी पडलं. जाडसर कागदाची लांब पट्टी घ्यायची. तिच्यावर ‘शाळा’ लिहायचं, ‘ळा’च्या पुढे तेवढ्याच रुंदीचा कोरा भाग सोडायचा. तो भाग आतल्या बाजूला दुमडला की ‘ळा’ झाकला जातो, आणि दुमडलेल्या भागाच्या वर आलेल्या पाठीवर ‘ळे’ लिहायचं. पट्टी उघडी असताना शाळा, दुमडली की शाळे. आता त, ला, तून, ची, पर्यंत लिहिलेली दुसरी पट्टी शेजारून सरकवत न्यायची. नियम एकच: दुमडल्याशिवाय दुसरी पट्टी चिकटत नाही. मुलं हे बोटांनी शिकतात. पहिला महिना शाळा, भाषा, सभा हे एक कुटुंब आणि रस्ता, पंखा, फळा हे दुसरं, एवढंच. बाकीची हळूहळू.

भिंत आणि वाट या जोडीपाशी मात्र पट्टी हात टेकते. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींच्या शेवटी अ, पण एकीचं भिंतीवर आणि दुसरीचं वाटेवर. सुटका अनेकवचनात आहे. भिंती म्हणून भिंतीवर. वाटा म्हणून वाटेवर. जिचं अनेकवचन ई घेतं तिचं सामान्यरूप ई घेतं, जिचं आ घेतं तिचं ए. त्यामुळे माझ्या शब्दांच्या कार्डांवर पुढे चित्र असतं आणि मागे तीन गोष्टी: ती भिंत, भिंती, भिंतीवर. नुसता शब्द कधीच नाही. लिंगासाठी वेगळा धडा घ्यावा लागत नाही, तो/ती/ते शब्दाला चिकटूनच येतं. हिंदी बोलणाऱ्या मुलांना याची जास्त गरज, कारण नपुंसकलिंग त्यांच्याकडे नाहीच आणि ‘पुस्तक’ त्यांच्या कानाला स्त्रीलिंगीच वाटतं.

ही कार्डं लाइटनरच्या पेटीच्या पद्धतीने फिरतात. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा समोर येतं, चुकलेलं पहिल्या कप्प्यात परततं. पेटी म्हणजे बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे, बस. तासाची पहिली पाच मिनिटं जोडीजोडीने हेच. मी त्या वेळात हजेरी घेते.

न बोलणाऱ्या मुलांबद्दल थोडं सविस्तर सांगते. दुसरी भाषा शिकताना सुरुवातीला बराच काळ नुसतं ऐकत राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. अभ्यासक तिला मौनकाळ म्हणतात. हे वाचलेलं असूनही वर्गात ती शांतता सोसत नाही. प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं नाही की लगेच दुसऱ्याकडे वळायचं, हे आपोआप घडतं. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येत, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलत. परक्या भाषेत तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. मी मनात सावकाश आकडे मोजते, आणि त्याआधी सगळ्यांना शेजाऱ्याशी बोलून घ्यायला लावते, हव्या त्या भाषेत. घरच्या भाषेत विचार जुळवून मग मराठीत सांगितला तर काही बिघडत नाही, उलट सांगण्यासारखं काहीतरी तयार असतं. यावर माझ्या काही सहकाऱ्यांच्या भुवया अजून चढतात.

यंदाच्या वर्गातली एक मुलगी बोलायला लागली ती धावत्या श्रुतलेखनात. उतारा वर्गाबाहेर भिंतीवर चिकटवलेला. जोडीतल्या एकीने पळत जायचं, एक वाक्य वाचून लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं, दुसरीने लिहायचं. वर्गभर इतका गलका असतो की तुमचं कुणीच ऐकत नाही, जोडीदार सोडून. तिला बहुधा तेवढंच हवं होतं. ती धापा टाकत आली, वाक्य सांगितलं, जोडीदारणीने ‘चाक’ लिहिताना काहीतरी भलतंच लिहिलं, तशी ही चिडून चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘चाक! चाक! चार नाही, चाक!’ आणि पुन्हा पळाली. दोन्ही च वेगळे उच्चारले होते, तेही बरोबर. मी मुद्दाम काही बोलले नाही. शाबासकी दिली असती तर सगळा वर्ग वळून बघता.

चुका दुरुस्त करण्याच्या बाबतीत ‘शाळा-शाळे’ची ती दुमडायची पट्टी पुन्हा कामाला येते. मूल म्हणतं, ‘मी शाळामध्ये विसरलो.’ आपण म्हणतो, ‘अच्छा, शाळेमध्ये विसरलास!’ आणि पुढे जातो. लिस्टर आणि रांता या अभ्यासकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास 1997 साली मांडला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के अशा, बरोबर रूप आपणच म्हणून टाकणाऱ्या होत्या, आणि त्यांतल्या जेमतेम 31 टक्क्यांना मुलांनी काही प्रतिसाद दिला. साहजिक आहे, मुलाला वाटतं बाई माझ्याशी बोलतायत. म्हणून मी ‘शाळा…’ एवढंच म्हणून थांबते आणि हवेत पट्टी दुमडल्यासारखं बोट वाकवते. रूप त्याचं तोच दुरुस्त करतो. अर्थात एका वेळी एकच चूक. गोष्ट रंगात आलेली असताना तर तीही नाही.

स्टाफरूममध्ये मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं ते हे: ‘बोलतो तर मस्त, मग इतिहासाचं उत्तर का लिहीत नाही? आळशी आहे.’ बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979मध्ये मांडला. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीत बरोबरच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हे सांगून मत बदलत नाही. मग मी इतिहासाच्या बाईंकडून पुढच्या धड्याची पानं आधीच मागून घेते आणि त्यातली ‘च्या कारकिर्दीत’, ‘यामुळे’, ‘त्याउलट’ अशी जोडणी माझ्या तासाला घेते. नामं इतिहास शिकवतो, सांधे मी बघते. गेल्या चाचणीत दोघांची उत्तरं चार ओळींवरून अर्ध्या पानावर गेली, तेव्हा पानं मागायला मला जावं लागलं नाही, त्या स्वतःच घेऊन आल्या.

कुणाला हे करून बघायचं असेल तर लिफ्टच्या उताऱ्यापासूनच सुरुवात करा, पट्ट्या कापायला अर्धा तास पुरतो. उतारा मोठ्या टायपात, ओळींमधे भरपूर जागा सोडून छापा. आणि कार्डं लॅमिनेट करू नका. देखणी दिसतात खरी, पण मुलांना त्यांच्यावर लिहायचं असतं. माझ्याकडच्या जुन्या कार्डांवर कोपऱ्यात तीन-चार लिप्यांमध्ये मुलांनी आपापल्या भाषेतला शब्द बारीक अक्षरात टिपून ठेवलाय, आणि पुढच्या वर्षीची मुलं आधी तोच कोपरा बघतात.