हसताना हिरड्या दिसतात? आधी न हसता मोजा

लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘हसलं की हिरड्या दिसतात, तार लावून द्या’ ही मागणी हमखास येते. हिरड्या दिसण्याची कारणं अनेक; तार मात्र त्यातल्या एकाच कारणावर चालते.

म्हणून हसरा फोटो बाजूला ठेवा. ‘मम्मा’ म्हणा आणि ओठ सैल सोडा. वरचा पुढचा दात ओठाखाली २ ते ४ मिलिमीटर दिसला तर जबडा ठीक आहे. तरीही हसताना हिरडी उघडी पडत असेल तर ओठ फार वर ओढला जातो किंवा दात तोकडा आहे. पुढच्या मोठ्या दाताची उंची साधारण १० मिमी असते. ती ८ च भरली तर बहुधा हिरडीनं दात झाकलाय. तिथे हिरडी छाटायची, आणि गरज असेल तर हाडही तासायचं. दाताच्या चकचकीत भागाच्या कडेपासून हाड साधारण २ ते ३ मिमी दूर हवं. हाड त्याहून जवळ असताना नुसती हिरडी कापली तर काही महिन्यांत परत वाढते. ओठाच्या ओढीवर बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) चालतं, पण तीन-चार महिनेच.

आता लांबट चेहरा. न हसताही ६-७ मिमी दात दिसतो, ओठ मिटायला जोर लागतो आणि हनुवटीवर जालन्याच्या मोसंबीच्या सालीसारखे बारीक खड्डे पडतात. हे वरच्या जबड्याचं हाड खाली वाढल्याचं लक्षण. जास्त असेल तर वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रियाच.

पुढचे दातच खाली उतरले असतील तर तारेचं काम. दोन्ही बाजूंना, सुळ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या पुढच्या दाताच्या मुळांच्या मधल्या हाडात साधारण दीड मिमी जाड, ६ ते ८ मिमी लांब स्क्रू बसवतात आणि त्यांच्या आधारानं पुढचे दात वर ओढतात. चार दातांना मिळून ६० ते ८० ग्रॅम ओढ पुरते. महिन्याला फार तर अर्धा मिमी सरकतं. घाई करून ओढ वाढवली की दात लवकर वर जात नाही, उलट मुळाचं टोक झिजतं. म्हणून मधे एक्स-रे हवाच. दात फार वर नेला तर न हसता तो दिसेनासा होतो, आणि वयानं ओठ उतरतोच. तिशीतच चेहरा थोराड वाटतो.

सगळ्यात चीड आणणारी चूक वेगळीच. दाढांपुढचे दात काढले, पुढचे नुसते आत ओढले, त्यांना वर धरून ठेवणारी पकड सोडली. दात आत येता येता लोलकासारखे खाली झुकतात. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेला लावलेलं रबरही तेच करतं. ‘तारेनंतर हिरड्या जास्तच दिसतात’ हे भ्रम नव्हे.

आपल्याकडे आणखी एक अडचण: बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड. तार धरणारे छोटे तुकडे, म्हणजे ब्रॅकेट, चिकटवण्याआधी दात आम्लानं खरखरीत करतात. पिवळट-तपकिरी डागांच्या दातावर हे आम्ल नीट चावत नाही, म्हणून ते जास्त वेळ ठेवावं लागतं. नाहीतर ब्रॅकेट निसटतात. त्यात ऊस दातानं सोलला की झालंच.