जुनं पिस्तूल : नवं करायचं की आहे तसं राखायचं? माझा अनुभव

नळी 9 इंच, तोंडाचा आतला व्यास साधारण साडेसोळा मिलीमीटर, दस्ता अक्रोडाचा, आणि लॉकच्या (घोडा आणि स्प्रिंग असलेल्या यंत्रणेच्या) पट्टीवर पुढच्या पायांत मुकुट धरलेला उभा सिंह. ही ईस्ट इंडिया कंपनीची 1808 पासूनची खूण. उदगीरकडच्या आमच्या वाड्यातलं हे ठासणीचं पिस्तूल आजोबांच्या परवान्यावर होतं. आजोबा गेल्यावर घरात तीन सूचना आल्या. मामा म्हणाले, निकेल चढवून बैठकीत लावू. चुलतभावाला शिसवीचा नवा दस्ता आणि त्यावर घराण्याचं नाव हवं होतं. तिसरी सूचना नळीत वेल्डिंग मारून परवान्याची कटकटच मिटवायची. तिन्ही सूचना प्रेमापोटीच होत्या, आणि प्रत्येकीचं उत्तर शोधायला मला वस्तू नीट वाचावी लागली.

त्याआधी कायदा. परवानाधारक वारल्यावर हत्यार घरात ठेवून चालत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मी विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली. “एवढं जुनं आहे, त्याला कसला परवाना?” हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं. कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाहीत अशी असली तरच. माझ्या पिस्तुलाचा घोडा ओढला जातो, म्हणजे सूट नाही. वारस म्हणून इतर वारसांच्या ना-हरकतीसह जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेही आधी मोजून घ्यावं. आणि बदल करायचाच म्हटला तरी हत्याराची दुरुस्ती किंवा रूपांतर करून देणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना लागतो. गावातल्या लेथवाल्याकडे ते घेऊन जाणं हाच गुन्हा ठरतो.

दुसरी गोष्ट, बार भरलेला आहे का. ठासणीच्या हत्यारात हे बाहेरून दिसत नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. तपासायची रीत सोपी आहे. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी गोल काठी अलगद आत सोडायची, तोंडाशी खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. काठीचं टोक जाळ आत शिरतो त्या छिद्रापर्यंत पोचायला हवं. माझ्याकडे ते 30 मिलीमीटर अलीकडेच थांबलं. पुढचं काम घरी कुणीही करू नये. ठोकणं, तापवणं, ड्रिल लावणं यातलं काहीही जिवावर बेतू शकतं. विक्रेत्याकडच्या कारागिराने आतला भाग आधी पूर्ण भिजवला, मग गजाला लावायच्या पिळाच्या आकड्याने मळ ओढून काढला. निघालं कुंभारीण माशीचं मातीचं घर आणि चिंध्या. दारू नव्हती, पण ती आहे असं धरूनच काम झालं हे योग्यच.

आता मूळ प्रश्न. बारकाईने पाहिल्यावर लॉकच्या पट्टीवर बुजवलेली छिद्रं दिसली, आणि नळीच्या बाजूला छोट्या ढोलकीसारखा तुकडा आट्यांवर बसवलेला होता. त्याच्यात निपल, म्हणजे पोकळ बोंडी, आणि तिच्यावर घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी टोपी बसते. म्हणजे हे मुळात चकमकीचं, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारं पिस्तूल. रंजकाची (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची) वाटी, पोलादी झडप आणि तिची स्प्रिंग काढून कुणीतरी ते टोपीवर आणलं. टोप्या 1820 नंतर रुळल्या आणि 1840 च्या सुमारास फौजांनीही चकमक सोडली, तेव्हा असे बदल जागोजागी झाले. त्याशिवाय दस्त्याच्या मानेला तडा आहे आणि तो पितळी तारेने घट्ट आवळलेला आहे. ही तार विलायती कारखान्यातली नव्हे, इकडच्याच कुणा हाताची.

इथे चुलतभावाने बिनतोड मुद्दा काढला. आधीच्या मालकांनी बदल केले, मग आपण का नाही? मी यावर बरेच दिवस विचार केला. त्यांचे बदल पिस्तूल चालावं म्हणून झाले, आणि प्रत्येक बदलाने मागे पुरावा ठेवला. बुजवलेली छिद्रं आहेत म्हणून तर आज तारीख लावता येते. निकेल किंवा नवा दस्ता हा पुरावा पुसतो. याच कारणासाठी पिस्तूल पुन्हा चकमकीवर आणायचीही सूचना मी नाकारली. नवे ओतीव भाग बसवून असं उलटं रूपांतर बाजारात सर्रास होतं, कारण चकमकीच्या हत्याराला जास्त भाव येतो. जाणकार ग्राहक पहिली तीच जागा तपासतो.

निकेलचं नुकसान लोकांना कळत नाही म्हणून सविस्तर लिहितो. मुलामा बसायला पृष्ठभाग आधी बफिंगने घासतात, मग आम्लात बुडवतात. बफिंगच्या चाकाखाली सिंहाचे पंजे, नळीवरचे परीक्षणाचे ठसे आणि पट्टीच्या धारदार कडा गोल होऊन जातात. आम्लातून पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंगसारखे कडक भाग ठिसूळ होऊन तुटतात. नळीवरचा तपकिरी थर पुष्कळदा मुद्दाम चढवलेला असतो. तो घासला की परत येत नाही. वेल्डिंगने तर नळी, छिद्र आणि शेजारचं लाकूड तिन्ही जातं. परवान्याचे हेलपाटे मी त्यापेक्षा पत्करले.

परवाना हातात आल्यावर सफाई केली, ती मोजून मापून. आधी मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंचे फोटो. स्क्रू फक्त दोन काढले. जुन्या स्क्रूची खाच अरुंद असते, बाजारातला पेचकस तिच्यात नीट बसत नाही आणि कड उचटते. म्हणून पाते घासून खाचेच्या मापाचं केलं. आटे हाताने पाडलेले, त्यामुळे एका भोकाचा स्क्रू दुसऱ्यात जात नाही. पुठ्ठ्यावर लॉकचं चित्र काढून स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवले. लॉकची मोठी स्प्रिंग क्लॅम्पशिवाय काढू नये. मी काढलीच नाही. कारागिराने बजावलं होतं, “दादा, घोडा ओढून सोडू नका, निपल फुटंल.”

गंज दोन प्रकारचा असतो. पांढऱ्या कापडाने पुसल्यावर लालसर भुकटी येते तो जिवंत, त्याला आवरायचं. गडद, घट्ट, कापडाला न लागणारा थर ठेवायचा. लाल जागी पातळ तेलाचा थेंब, एक दिवस थांबणं, मग बांबूच्या टोकदार काडीने खरवडणं, आणि हट्टी जागीच शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूल. प्रत्येक ठिकाणी आधी एक चौरस सेंटिमीटरवर प्रयोग. पितळेला चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर काहीही नाही. अमोनियाच्या पॉलिशने ताणाखालच्या पितळेला चिरा जातात, आणि लाकडाच्या फटीत पांढरा साका बसतो तो निघत नाही.

दस्त्याला जवसाचं तेल पाजायचं आपल्याकडे सगळे सुचवतात, कारण जवस घरचं असतं. ते सुकून चिकट कातडी होते, धूळ धरते, काळवंडते आणि नंतर सुटत नाही. तड्यात एपॉक्सीही भरलं नाही. एक सुटलेली चिपळी सरसाने लावली, कोमट पाण्याने ती पुढे कधीही सोडवता येईल. तार तशीच आहे. शेवटी लोखंड, पितळ आणि लाकूड तिन्हींवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासूनचं, अगदी बारीक स्फटिकांचं), हरभऱ्याच्या दाण्याएवढं, मऊ सुती कापडाने. हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोज्यातून वस्तू निसटते.

ठेवणीत माझी एक चूक झाली. मेमध्ये कपाट कूलरच्या खोलीत होतं. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, खोलीत दमट, आणि दुपार ते रात्र हे रोज पालटत होतं. आठ दिवसांत घोड्याच्या मुळाशी लाल ठिपके आले. आता कुलूपबंद लोखंडी कपाट आतल्या खोलीत आहे, शेजारी आर्द्रतामापक, आणि मी आकडा 45 ते 50 टक्क्यांत राखायला पाहतो. त्याखाली अक्रोड आकसून तडा वाढतो, त्यावर लोखंड गंजतं. सिलिका जेलच्या पिशव्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तापवून घेतो. चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, कारण कातडी कमावण्याचे क्षार आणि आम्लं धातू खातात. आम्लविरहित कागदावर पिस्तूल आडवं, घोडा उतरवलेला, आणि फोटोंची वही त्याच खणात.