वर्गातला प्रॉम्प्टर

सोमवार

काल शेजारच्या गावात नाटक होतं, म्हणून आज निम्मा वर्ग पेंगत होता. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचा मोसम सुरू झाला की पार होळीपर्यंत हीच गत. वडशाहून नाटक कंपनी येते, मंडप पडतो आणि पहाटेपर्यंत अख्खं गाव तिथे. मी यावर रागावणं कधीच सोडलंय. धड्यातली चार वाक्यं सलग न वाचणारा पोरगा सकाळी खलनायकाचा पूर्ण प्रवेश करून दाखवतो, हसण्यासकट. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी परिपाठात सांगायला गेले, तर पोरांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि आम्ही हे सगळं वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायला लावतो.

तिसरीचं वाचन हा सध्या डोक्याला ताप आहे. निपुण भारत या सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाचं लक्ष्य असं की तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत. लक्ष्याबद्दल तक्रार नाही. पण मोबाइलवर वेळ लावला की पोरं धावतात. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह सगळं तुडवत. ‘समजून’ हा शब्द वाटेत कुठे गळतो कळत नाही. काय वाचलंस विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघायचं.

म्हणून संध्याकाळी बसून चिऊ-काऊची गोष्ट संवादात लिहून काढली. मुद्दाम पाठ असलेलीच घेतली, म्हणजे अर्थाशी झटापट नको. शिवाय या गोष्टीची ठेवण वाचायला शिकणाऱ्यासाठीच केल्यासारखी आहे. ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला टीट लावते.’ सुरुवात दर वेळी तीच, शेपटी तेवढी नवी. अडखळणारा पोरगाही तिसऱ्या खेपेला सुरुवात दणक्यात वाचतो आणि सगळं लक्ष शेवटच्या दोन शब्दांवर लावतो.

बुधवार

पात्रं वाटताना नेहमीचंच झालं. बोलकी पोरं पुढे, ‘मॅडम, मी कावरा होतो!’ आणि मागच्या टाटपट्टीवरची ती मुलगी भिंतीला टेकून. ती वर्गात बोलत नाही. वाचायला उभी केली की एवढ्या हळू वाचते की मीच पुढचा शब्द सांगून मोकळी होते. तिला चिमणी कर म्हणाले असते तर रडलीच असती.

तिला म्हटलं, तू प्रॉम्प्टर.

झाडीपट्टीतल्या पोराला प्रॉम्प्टर काय ते समजावून सांगावं लागत नाही. नाटकाचं पुस्तक धरून अडलेल्या नटाला हळूच वाक्य पुरवणारा माणूस त्यांनी पाहिलेला असतो. कंपनीत तालमी कमी, प्रयोग फार, त्यामुळे त्या माणसावर बरंच काही टेकलेलं असतं. तिने कागद घेतला, कपाटाआड जाऊन बसली. हळू आवाज हा तिथे दोष नव्हता, उलट तोच हवा होता.

पहिल्याच प्रवेशात मजा झाली. मी कागदावर लिहिलं होतं: ‘कावळा: (रडत) चिमणे चिमणे, दार उघड.’ कावळा अडला. कपाटाआडून कुजबुज आली, ‘रडत.’ कावळा छाती काढून ओरडला, ‘रडत!’ वर्ग लोळला. कंसातलं बोलायचं नसतं, करायचं असतं, हे मी आता फळ्यावर लिहिणार नाही. जन्मभर विसरणार नाहीत.

मग मी नाटक सोडून तिच्याकडेच बघत राहिले. बोट ओळीवर, नजर कावळ्याच्या ओठांवर, परत ओळीवर. एक वाक्य पुढे वाचून ठेवत होती, कोण अडणार याचा अंदाज घेत होती. चिमणीने ‘पुसते’च्या जागी ‘पाजते’ म्हटलं तर तिने लगेच हात हलवला. कावळ्याला त्याची वाक्यं आली, चिमणीला तिची, पण अख्खं नाटक वाचलं ते हिने एकटीने, आणि समजून वाचलं, कारण न समजता प्रॉम्प्टिंग होतच नाही. तिचे मिनिटाला किती शब्द झाले ते मी मोजलं नाही.

तास संपल्यावर स्वतःहून जवळ आली. ‘मॅडम, कागदावर ळ आहे. तो र म्हन्ते.’

आमच्या झाडीबोलीत ळ आणि ण जवळजवळ नाहीतच, म्हणून श्रुतलेखनात ‘कावरा’ आणि ‘पानी’ येतात आणि लाल शाईने वही रंगते. आज मात्र कुणी चुका काढल्या नाहीत. कावळा त्याच्या घरच्या बोलीत बोलला, कागदावर पुस्तकातलं राहिलं, आणि दोन्हींतला फरक तिच्या कानाने पकडला. कावळ्याला मी ‘कावरा’च म्हणू देणार आहे. लिहिताना ळ लिहायचा, तो कागद बघून लिहील.

मधल्या सुट्टीत तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘गॅदरिंगची तयारी का?’ हो म्हणून टाकलं. खरं तर गॅदरिंगमुळेच नाटकाची वाट लागली आहे. हुशार चार पोरं निवडायची, पाठ करून घ्यायचं, पुठ्ठ्याचे मुकुट आणि माइक. पेशवाई थाटात सगळं होतं, वाचन शून्य.

शुक्रवार

इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट नावाच्या बाई होऊन गेल्या. चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेल्या, पुढे वर्गनाट्यातलं मोठं नाव झाल्या. शिक्षकाने लांबून सूचना देण्याऐवजी स्वतः भूमिका घेऊन खेळात उतरायचं, ही त्यांची पद्धत. आज मी डोक्यावरून काळी ओढणी घेतली आणि खुर्चीत कावळा होऊन बसले. म्हटलं, घर वाहून गेलं, चिमणी घेत नाही, आता मी काय करू?

पोरांनी झोडपून काढलं. ‘सेनाचं काहून बांधलं?’ ‘पहिलेच मेनाचं बांधायचं होतं.’ मग एकजण शांतपणे म्हणाला, ‘घरकुलासाठी अर्ज कर ना.’

अर्ज हा आमच्याकडे नुसता पुस्तकातला लेखनप्रकार नाही. घरोघरी कोणीतरी तो लिहून घ्यायला शाळेत येतंच. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही, तुम्ही लिहा. एरवी ‘पाच वाक्यं लिहा’ म्हटलं की पेन्सिलला टोक करण्यात तास जातो. आज खोडरबराची मारामारी झाली. एका गटाचा कागद जसाच्या तसा उतरवते:

‘प्रति, सरपंच साहेब. विषय घरकुल मिळणेबाबद. माझे घर सेनाचे होते ते पावसात वाहून गेले. मला बायको नाही. मी बाभळीवर राहतो. चिमणीने दार उघडले नाही तिच्यावर कारवाई करू नये. आपला कावळा.’

‘कावळा’ बरोबर आहे, ‘सेन’ राहिलंच. ते पुढच्या आठवड्यात बघू. चिमणीवर कारवाई नको हे मी सांगितलं नव्हतं. सहीच्या जागी पंजाचा ठसा काढला आहे.

दुसऱ्या गटाला ग्रामपंचायत केलं आणि उत्तर लिहायला बसवलं. ती मागच्या टाटपट्टीवरची पोर यात होती. तिने लिहिलं, ‘तुमचे नाव यादीत नाही. आधार कार्ड जोडा.’ कावळा गट आता आधार कार्ड तयार करतोय. जन्मतारखेवरून भांडण चालू आहे.