लिव्हर फंक्शन नॉर्मल, तरी रक्ताची उलटी

बायोप्सीच्या अर्जावर दोनच शब्द होते: 'सिरोसिस? दारू?' म्हणजे यकृत कडक, गाठीगाठींचं झालंय का, आणि ते दारूनं का? रुग्ण चाळिशीतला. रक्ताची उलटी होऊन दाखल झालेला, प्लीहा बेंबीपर्यंत वाढलेली. दारूला हात लावत नाही असं तो सांगत होता, घरचेही सांगत होते. पण पुरुषाचं यकृत बिघडलं की संशय ठरलेला असतो आणि नकारावर कुणाचा विश्वास बसत नाही. याची मला मनापासून चीड आहे.

यकृताचा तुकडा मात्र सुरेख आला होता. दोन सेंटिमीटरहून लांब, कुठे न तुटलेला, अकराहून जास्त पोर्टल ट्रॅक्ट (यकृतातल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांचे जुडगे) असलेला. एवढं मिळालं की पॅथॉलॉजिस्टला ठामपणे बोलता येतं. सिरोसिस नव्हता. गाठी नाहीत, यकृतपेशी जागच्या जागी. पण मॅसन ट्रायक्रोम या तंतू दाखवणाऱ्या स्टेनमध्ये, म्हणजे रंगात, पोर्टल ट्रॅक्ट निळ्या तंतूंनी गच्च भरलेले, आणि त्यांतल्या पोर्टल शिरेच्या (आतडी नि प्लीहेतलं रक्त यकृतात आणणारी शीर) फांद्या चिंचोळ्या. काही ठिकाणी शोधूनही सापडेनात. पेशी शाबूत, म्हणून लिव्हर फंक्शनच्या तपासणीतली एन्झाइम्स आणि अल्ब्युमिन नॉर्मल. रक्ताची वाट तेवढी बुजलेली, म्हणून मागे दाब वाढून प्लीहा मोठी आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुटलेल्या.

असं चित्र अनेक कारणांनी दिसतं, पुष्कळदा कारण सापडतही नाही. मी वॉर्डात फोन केला आणि निवासी डॉक्टरला म्हटलं, "त्याचे तळहात बघ." थोड्या वेळानं फोटो आला. तळहातांवर बारीक, टणक उंचवटे, छातीवर काळे-पांढरे ठिपके. तळपायांवरची तशीच 'कुरुपं' त्यानं पूर्वी कापून घेतली होती. लहानपणापासून एकाच कूपनलिकेचं पाणी प्यायला होता. ती बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. असे उंचवटे आणि ठिपके ही पाण्यातून पोटात गेलेल्या आर्सेनिक या विषाची खूण.

तुकड्यात लोह दाखवायला पर्ल्स हा स्टेन आहे, तांब्याला रोडानिन. आर्सेनिक दाखवेल असा रोजच्या वापरातला एकही स्टेन माझ्या कपाटात नाही. रक्तातून ते लवकर निघून जातं, लघवी फार तर गेल्या काही दिवसांचं सांगते, नखं-केस काही महिन्यांचं. त्याच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या आणि "म्हणजे आर्सेनिक नाही" असं मला ऐकवण्यात आलं.

यकृत या विषाला मिथाइल गट जोडून लघवीवाटे बाहेर काढायला बघतं, पण त्या वाटेवर तयार होणारं एक संयुग मूळ विषापेक्षाही जहाल असतं. ते प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतं, मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जा तोडतं, पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतं. यकृतपेशी नव्यानं वाढू शकतात. त्यांच्या शेजारच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला मात्र खिडक्या, म्हणजे बारीक छिद्रं, असतात आणि आर्सेनिकनं त्या बुजतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

पोर्टल शिरेच्या फांद्या अशा बुजण्याला जे नाव आहे, ते रिपोर्टात मी लिहिलं: 'हेपॅटोपोर्टल स्क्लेरोसिस. त्वचेवरील लक्षणं पाहता दीर्घकाळ आर्सेनिक पोटात गेल्याची दाट शक्यता.' वरिष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, काचेवर दिसतं तेवढंच लिहावं. मला ते पटत नाही. त्या वाक्याशिवाय फाइलवरचा 'दारू?' तसाच राहिला असता.

त्याच्या भावाचे तळहातही तसेच आहेत. लिव्हर फंक्शन नॉर्मल आलं म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. मी पुन्हा फोन करून सांगितलं, सोनोग्राफीत प्लीहा मोजा, पोर्टल शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलर करा. अजून कुणी काही कळवलेलं नाही.