‘काही नाही’ या उत्तरावर माझा उपाय

सात वर्षांच्या मुलाला घरी आल्याआल्या ‘आज काय केलं रे शाळेत?’ असं विचारून बघा. उत्तर येतं, ‘काही नाही.’ जरा खोदलं तर ‘अभ्यास.’ आणखी खोदलं तर ‘खेळलो.’ मी दुसरीचा वर्ग घेते, त्यामुळे प्रत्येक पालकसभेत हे गाऱ्हाणं कानावर येतंच: ‘बाई, आमचा घरी काही सांगतच नाही हो.’ आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं त्याला त्याच सकाळी मी तीनतीनदा ‘आता जरा गप्प बस’ म्हटलेलं असतं.

मुलं मुद्दाम लपवत असतात असं नाही. रोज तेच ते घडतं, त्याची त्यांच्या डोक्यात एक ठरीव मांडणी होऊन बसते. घंटा झाली, हजेरी झाली, तास झाले, डबा खाल्ला, सुटली शाळा. ‘काय केलं’ म्हटलं की ही मांडणीच पुढे येते आणि तिच्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटतं. कॅथरीन नेल्सन आणि रॉबिन फिवुश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलंय. त्यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. पाच वर्षांच्या आसपासची मुलं एक संग्रहालय बघायला गेली. तिथे त्यांनी वाळू उकरून जुन्या वस्तू शोधल्या, मातीच्या वस्तू बनवल्या. वर्षभराने ‘संग्रहालयात काय झालं होतं?’ असं मोघम विचारलं तर त्यांना फारसं काही सांगता येईना. त्या भेटीतली नेमकी एखादी खूण काढली की मात्र आठवायला लागलं.

पालकांकडे नसते ती ही खूण. ती असते माझ्याकडे. ती घरापर्यंत पोचवायची, एवढ्यासाठीच मी रोज शाळा सुटायच्या सुमाराला पालकांच्या ग्रुपवर दोन-तीन ओळी टाकते.

शाळेकडून घरी कागद, मेसेज कमी जातात असं कुणी म्हणणार नाही. उलट ढिगाने जातात. पण ते वाचून बघा: उद्या हे आणा, परवा ते भरा, इथे सही करा, वेळेवर या. पालकांनी काय करायचं ते सगळं त्यात असतं; त्यांच्या मुलाने दिवसभर काय केलं ते नसतं. त्यामुळे शाळेचा आवाज म्हणजे एक तर काम, नाही तर तक्रार. मी कधी सहज फोन केला, की पलीकडून पहिलं वाक्य येतं, ‘काय केलं त्याने?’ एका आईला मी फक्त एवढंच सांगायला फोन केला होता, की आज तुमच्या मुलीने नव्या मुलाला स्वतःहून शेजारी बसवून घेतलं. त्यांना विश्वास बसायला वेळ लागला. ‘आणि?’ म्हणाल्या. आणि काही नाही, एवढंच, म्हटलं.

आता निरोप कसा असतो ते सांगते. हातच्याची वजाबाकी सुरू झाली त्या दिवशीचा हा:

‘आज ५२ वजा २७. पुष्कळांचं उत्तर ३५ आलं. मग काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो. मुलांना विचारा: दोनच सुट्या काड्या असताना सात कशा द्यायच्या?’

३५ कुठून आले हे मी निरोपात लिहिलं नाही. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचं एवढं मुलांना पक्कं ठाऊक असतं, मग वरचा कोण आणि खालचा कोण याची ती फिकीर करत नाहीत. हे घरच्यांनी मुलाच्या तोंडून ऐकावं. गठ्ठ्याचं रबर काढलं की दहा काड्या सुट्या होतात, त्या दोनांत मिळवल्या की बारा होतात, हे मूल हातवारे करून सांगतं तेव्हा त्याची उजळणी होते ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी एका वडिलांनी लिहिलं, ‘मी त्याला आमच्या वेळचं शिकवलं, की शेजारच्या घरातून एक उसना घे. तर तो विचारतो, परत कधी द्यायचा?’ या प्रश्नावर माझा अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास माझ्या त्या आठवड्यातला सर्वांत चांगला होता. गठ्ठा सोडणारी मुलं उसनवारी करत नाहीत. त्यांचेच दहा असतात.

‘आज मराठी, गणित, चित्रकला झाली’ असा निरोप पाठवणं सोपं, पण त्याचा उपयोग शून्य. ते वेळापत्रकात आहेच. त्यापेक्षा ‘खिडकीतल्या कोळ्याबद्दल विचारा’ एवढी एक ओळ पुरते. तो कोळी आमच्या वर्गात चांगला रमला होता. मुलांनी त्याची चित्रं काढली, निम्म्यांनी सहा पाय काढले, निम्म्यांनी आठ, आणि मग भांडण. खुर्ची ओढून, भिंग लावून पाय मोजले. आठ. सहावाल्यांपैकी एकाचं म्हणणं, त्याने काढलेला कोळी वेगळा होता.

फोटोंबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे, आणि त्यावरून शेजारच्या वर्गाच्या बाईंशी माझे खटके उडतात. मी मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो ग्रुपवर टाकत नाही. एक म्हणजे सगळ्यांची परवानगी नसते, आणि एकदा सुटलेला फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये जाईल याचा पत्ता नाही. दुसरं, फोटो आला की प्रत्येक घर आपलंच पोर शोधतं. ते मागच्या रांगेत का, तोंड उतरलेलं का, पलीकडचीच नेहमी पुढे का. कोळी बाजूलाच राहतो. आणि तिसरं, फोन हातात घेतला की वर्ग थांबतो. मुलं कोळ्याकडे बघायची सोडून माझ्याकडे बघून हसायला लागतात. फळ्याचा फोटो, मांडलेल्या गठ्ठ्यांचा फोटो, नाव झाकून चित्रांचा फोटो, हे चालतं.

नावाचंही तसंच. ग्रुपवरच्या निरोपात कुठल्याही मुलाचं नाव येत नाही, कौतुकालाही नाही. आज एकाचं नाव आलं की उरलेल्या घरांत रात्री काय संवाद होतो ते मला ठाऊक आहे.

जे एकाच घरापुरतं आहे ते त्याच घराला, फोन करून. पडणं, लागणं, चावणं, मारामारी ही बातमी मूल घरी पोचायच्या आधी माझ्याकडून पोचली पाहिजे. त्यातही डोक्याला लागलं असेल तर अजिबात थांबायचं नाही, मूल हसत-खेळत असलं तरी. किती वाजता, कशावर आपटलं, लगेच काय केलं, हे सगळं सांगायचं, कारण उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी ही लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, आणि तेव्हा मूल माझ्यासमोर नसतं. मारामारीत मी दुसऱ्या मुलाचं नाव सांगत नाही. घरी ते कळतंच, पण माझ्या तोंडून नाही.

हजेरीचं प्रकरण मला उशिरा उमगलं. मूल वरचेवर गैरहजर असलं तरी घरच्यांना ते तसं वाटत नाही. त्यांच्या हिशेबात एक लग्न, एक सर्दी, एक कंटाळा, झाले दोन-चार दिवस. फिलाडेल्फियात टॉड रॉजर्स आणि ॲव्ही फेलर यांनी यावर मोठा प्रयोग केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. २८ हजारांहून जास्त घरं होती. ज्या घरांना टपालाने ‘तुमचं मूल आतापर्यंत इतके दिवस आलेलं नाही’ असं कळवत राहिले, त्या घरांत सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. ओरडा नाही, दंड नाही, फक्त आकडा. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट वेगळीच: काही पत्रांत वर्गातल्या इतर मुलांशी तुलनाही होती, आणि तिने जास्तीचा काही फरक पडला नाही. तेव्हापासून महिनाअखेरीला मी ज्याच्या त्याच्या घरी दिवसांचा आकडा लिहून पाठवते. पुढे एकही शब्द जोडत नाही. जोडायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू.

माझ्या वर्गातल्या काही आया-आजोबांना वाचता येत नाही, काहींना येतं पण दिवसभराच्या कामानंतर वाचवत नाही. त्यांच्यासाठी तेच बोलून रेकॉर्ड करून पाठवते. हा निरोप बहुतेक घरांत मुलासमोरच ऐकला जातो आणि मूल मध्येच मला दुरुस्त करतं. ‘बाई चुकीचं सांगतायत, आधी कोळी दिसला आणि मग जाळं.’ म्हणजे माझं काम झालं. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांनाही तोच निरोप, त्याच वेळी. मुलाला बातमीदार व्हायला लावू नये.

अलीकडे निरोप मी एकटी लिहीतच नाही. शेवटची पाच मिनिटं मुलांना विचारते, आज घरी काय कळवू? हात वर होतात. कुणी म्हणतं, माझा दात हलतोय. कुणी म्हणतं, भूमिती. मग चर्चा, मग मतदान, मग मी फळ्यावर लिहिते आणि मुलं शुद्धलेखन सुधारतात. ‘विचारा’चा वि पहिला की दुसरा यावर अटीतटीचे सामने होतात. यातून मलाच कळतं, की मी जिवाचं रान करून शिकवलेलं कुणाच्या लक्षातही नाही आणि खडू मोडल्याचं सगळ्यांच्या लक्षात आहे.

एकदा एक जण सगळे निघून गेल्यावर टेबलापाशी आला. ‘मी रडलो ते सांगू नका.’ का, म्हटलं. ‘आई मग सारखं विचारते.’ ग्रुपवर ते जाणार नव्हतंच, पण त्याच्या आईला फोन करावा असं माझ्या मनात होतं. रंगपेटीवरून रडला होता, दहा मिनिटांत विसरलाही होता. मी नाही केला फोन. रोज रडायला लागला असता, किंवा कारण सांगेना असं झालं असतं, तर केला असता, आणि त्याला आधी सांगून केला असता. सात वर्षांच्या माणसालाही दिवसातला एखादा तुकडा स्वतःपाशी ठेवावासा वाटतो. आईबापांना सगळं कळवायचं म्हणजे मूल पारदर्शक करून सोडायचं, असं मला वाटत नाही. काही पालकांना हे पटत नाही. त्यांना वर्गात कॅमेरा हवा असतो.

निरोप उलट दिशेनेही यावा, ही माझी अपेक्षा मी पहिल्याच सभेत सांगते. रात्री झोप झाली नाही, घरातलं मांजर मेलं, आजोबा दवाखान्यात आहेत. एवढी एक ओळ सकाळी मिळाली तर त्या मुलाशी दिवसभर कसं वागायचं ते माझं मला समजतं. कारण नको, तपशील नको.

ग्रुपवर लिहायची सोय फक्त शिक्षकांना ठेवली आहे, उत्तरं मला वेगळी पाठवायची. नाहीतर एका ‘धन्यवाद’मागे तीस हात जोडले जातात आणि निरोप वर कुठेतरी गडप होतो. संध्याकाळी सातनंतर मी उत्तर देत नाही, अंगात ताप असेल, उद्या येणार नसेल तर तेवढं लिहून ठेवा, सकाळी वाचते. आणि रात्री अकराला ‘उद्याचा गृहपाठ काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी: तो ग्रुपवर आहे. बोटाने जरा वर सरकवा.