समुद्र ह्यांचा, वाळवंट माझे

लग्न झाल्यापासून ह्यांना निवांत समुद्रकाठी जाऊन राहायचे होते आणि मला वाळवंट पाहायचे होते. आधी मुलांच्या परीक्षा, मग सासूबाईंचे आजारपण, असे करता करता ह्यांची निवृत्तीही उलटली. शेवटी मुलुंडच्या आमच्या इमारतीतील कच्छी शेजारणीने वाद मिटवला : कच्छला जा, तिथे दोन्ही आहे.

मार्गशीर्ष पौर्णिमा साधून आम्ही रेल्वेने भूजला गेलो. धोरडोजवळचे पांढरे रण राजस्थानसारखे वाळूचे नसून मिठाचे आहे. कधीकाळी इथे अरबी समुद्राचा उथळ फाटा होता. गाळ साचून आणि जमीन उचलली जाऊन तो समुद्रापासून तुटला. आजही पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्याने समुद्राचे पाणी आत लोटले जाते, त्यात पावसाचे पाणी मिसळते, आणि हिवाळ्यात ते आटले की मिठाचा थर मागे राहतो. म्हणजे माझे वाळवंट हा मुळात ह्यांचाच समुद्र, हे ह्यांनी मला किती वेळा ऐकवले असेल, ते विचारू नका. थर अजून पुरता वाळला नव्हता. पाऊल दाबले की खालून पाणी वर येई. चांदण्यात मात्र जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, हे खरोखरच कळत नव्हते.

त्याच दिवशी दत्तजयंती असल्याने दुपारी आम्ही काळा डुंगरावर जाऊन आलो होतो. ४६२ मीटर उंचीचा हा डोंगर कच्छमधील सर्वांत उंच ठिकाण असून वर दत्तात्रेयांचे मंदिर आहे. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तगुरूंनी स्वतःचे अंग देऊ केले, अशी तिथली कथा, आणि म्हणून आजही कोल्ह्यांसाठी भाताचा प्रसाद ठेवतात. गाणगापूर आणि नरसोबाची वाडी करणाऱ्या आम्हा दोघांना सरहद्दीजवळ दत्तमहाराज भेटावेत, याचे फार अप्रूप वाटले.

मांडवीला ह्यांची पाळी होती. किनारा स्वच्छ आणि लांबलचक आहे, परंतु आम्ही रमलो ते रुक्मावती नदीच्या काठी, जिथे आजही लाकडी जहाजे हाताने बांधली जातात. उभ्या फासळ्यांवर फळ्या चढवणारे कारागीर, फटींत कापूस ठासणारी माणसे, हे सर्व ह्यांनी तासन्‌तास पाहिले आणि मी गाड्यावरची दाबेली खाल्ली. दाबेली मूळची मांडवीचीच, त्यामुळे मुंबईत मिळते तिच्याशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. इथली अधिक तिखट आणि माझ्या मते सरस आहे. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचे हे जन्मगाव. त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९०६ मध्ये सावरकर लंडनला गेले. श्यामजींच्या अस्थी २००३ मध्ये मायदेशी आणल्या गेल्या, आणि आता गावाजवळ त्यांचे स्मारक आहे.

धोलावीरा मात्र राहून गेले. हडप्पाकालीन नगराचे ते अवशेष पाहण्यासाठी रण ओलांडणाऱ्या रस्त्याने खडीर बेटावर जावे लागते, आणि त्याला सवडीचा एक पूर्ण दिवस हवा. पुढच्या हिवाळ्यातील आरक्षणाची चौकशी ह्यांनी आतापासूनच सुरू केली आहे.