हरणीची नोंद : दिवस ६३

काल संध्याकाळी माझ्या घोडीनं, हरणीनं, स्वतःहून तोंड मोरकीत, म्हणजे तोंडावर बांधायच्या दोरात, घातलं. मागची नोंद लिहिली तेव्हा ती दहा फुटांवरून फुरफुरत होती, म्हणून मधलं सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांच्या दावणीला असं बुजरं जनावर आहे त्यांना कामी येईल.

हरणीला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून आणलं, मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. भीमथडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, अंदाजे तीन वर्षांची. मराठ्यांच्या फौजेत होती तीच ही भीमाकाठची जात. आज ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहताना दिसते. हरणीवर मात्र ओझं कधी चढलंच नव्हतं. शिंगरू असल्यापासून ती मोकळीच फिरली, माणसाचा हात तिला ठाऊक नव्हता. टेम्पोत चढवायला चार माणसं लागली. विकणारे आबा निघताना एवढंच बोलले, "तिच्याकडं टक लावून बघू नको बाबा. तिलाच तुला बघू दे."

गोठ्यामागं बाभळीच्या बल्ल्यांचं गोल कुंपण घातलंय, तीस फुटांचं. पहिले तीन आठवडे मी आत घमेलं पालथं घालून तिच्याकडं कूस करून बसायचो आणि तुरीच्या शेंगा सोलायचो. कडबा माझ्या पुढ्यात, रोज वीतभर जवळ.

या दिवसांत मी फक्त तिचे कान आणि जबडा वाचायला शिकलो. एक कान माझ्याकडं वळला की तिला माझी जाण आहे. दोन्ही कान टवकारून मान ताठ झाली, की मी फार जवळ आलोय. मग मी तिथंच थांबायचो. थोड्या वेळानं मान खाली येते, जबडा सैल होतो, ती काही चघळल्यासारखं करते, ओठांवरून जीभ फिरवते. ताण उतरल्याची ही खूण. ती दिसली की लगेच उठून दोन पावलं मागं जायचं. आपल्या जवळ असण्याचा दाब सुटला त्या क्षणी घोडा स्वतः काय करत होता, तेच त्याच्या लक्षात राहतं. चार-पाच सेकंद उशीर केला तर तिच्या डोक्यात भलतंच बसतं. सगळ्यात अवघड काम हेच होतं. ती जवळ येऊ देतेय म्हटल्यावर मागं फिरायला मन धजत नाही.

सत्ताविसाव्या दिवशी मी घाई केली. आत्तेभाऊ आला होता, त्याला दाखवायचं म्हणून मोरकी घेऊन सरळ समोरून गेलो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. माझा हात कपाळासमोर आला, तिला दिसेनासा झाला आणि एकदम कानाशी उगवला. ती चौखूर उधळली, बल्लीवर आदळली, गुडघा सोलून निघाला. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार, म्हणून डॉक्टरांना बोलवावं लागलं. फळ्या लावून तिला कोपऱ्यात दाबून धरलं तेव्हा कुठं इंजेक्शन देता आलं. त्यानंतर बारा दिवस ती माझ्या हातची चंदी, म्हणजे दाणा, खाईना. चूक पूर्ण माझी होती.

चव्वेचाळिसाव्या दिवशी पहिला स्पर्श झाला. वेळूच्या काठीला गोणपाट बांधून, आयाळ संपते तिथं खांद्याच्या उंचवट्यावर हळूहळू खाजवलं. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात. तिथं खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हे तपासून पाहिलेलं आहे. आठवडाभरानं काठीच्या जागी बोटं आली. हिवाळ्याचे केस मुठीमुठीनं निघत होते. तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला, डोळे अर्धे मिटले. आई कुंपणाबाहेरून हळूच म्हणाली, "अगं बाई, झोपायलीय की ती!"

मोरकी मग सोपी गेली. मी तिच्या डाव्या खांद्याशी उभा राहून मोरकी उघडी धरायचो आणि पलीकडं ओंजळीत भिजवलेला हरभरा. नाक आत आलं की न बांधताच काढून घ्यायची. असं सहा दिवस. काल गाठ मारली, दहापर्यंत मोजलं आणि सोडली. ती गेली नाही, तिथंच उभी राहून माझ्या बंडीचा वास घेत राहिली.

आता उजवी बाजू. आजवरचं सगळं डावीकडून झालंय आणि घोड्याला एका बाजूनं शिकवलेलं दुसऱ्या बाजूनं बहुतेकदा नव्यानंच शिकवावं लागतं. आज सकाळी घमेलं उजवीकडं मांडलं, तर हरणी पुन्हा दहा फुटांवर जाऊन उभी. तुरीच्या शेंगा कधीच संपल्या. आता फोडायला चिंचा घेऊन बसलोय.